सेशेल्सचा झेंडा नीट कसा काढायचा, आणि त्यातले पाच रंग आले कुठून

सेशेल्सचा झेंडा बघितला की वाटतं सोपाय, खालच्या डाव्या कोपऱ्यातून पाच पट्टे निघतात, निळा पिवळा लाल पांढरा हिरवा, संपला विषय. मग माणूस पट्टी घेऊन बसतो आणि जे तयार होतं ते दिसतं साधारण तसंच पण काहीतरी गंडलंय हे कळत राहतं, आणि काय गंडलंय ते मात्र सापडत नाही. शाळेच्या प्रोजेक्टमधे बघा, मॉडेल युनायटेड नेशन्सच्या, म्हणजे मुलांच्या लुटुपुटूच्या संयुक्त राष्ट्र सभेच्या, टेबलांवर बघा, चूक जवळपास नेहमी एकच असते. लोक पाचही पट्टे सारखे धरून चालतात. ते सारखे नाहीयेत. लाल पट्टा बाकी कुठल्याही पट्ट्याच्या बरोब्बर दुप्पट आहे, आणि हे एकदा डोक्यात बसलं की झेंडा चुकणं अवघड.

ज्यांना देशच माहीत नाही त्यांच्यासाठी पटकन: हिंदी महासागरात आफ्रिकेच्या पूर्वेला ११५ बेटांचा देश, राजधानी व्हिक्टोरिया, ती माहे नावाच्या सगळ्यात मोठ्या बेटावर. आत्ताचा झेंडा ८ जानेवारी १९९६ पासूनचा आहे. म्हणजे वयाने तसा लहानच, आणि स्वातंत्र्यानंतरचा तिसरा.

आता आधी काढून घेऊ, इतिहास मधे येईलच कारण रंग कुठून आले ते कळल्याशिवाय मजा नाही.

ए-फोर कागद आडवा ठेवा आणि २४ सेंटिमीटर लांब, १२ सेंटिमीटर उंच अशी चौकट आखा. या झेंड्याची लांबी उंचीच्या दुप्पट असते, आपल्या तिरंग्यासारखी दीडपट नाही, हे पहिलं लक्षात ठेवायचं. २४ आणि १२ च का, तर दोन्हीला तीनने भाग जातो आणि पट्टीवर मिलिमीटर मोजत बसावं लागत नाही. ३० बाय १५ सुद्धा छान बसलं असतं पण ए-फोर २९.७ सेंटिमीटरचा असतो, तीन मिलिमीटरसाठी घोळ होतो, त्यामुळे ते मोठ्या कार्डशीटवर करा.

चौकट झाली की वरच्या कडेवर डावीकडून ८ आणि १६ सेंटिमीटरवर टिंब द्या. मग उजव्या कडेवर खालून ४ आणि ८ सेंटिमीटरवर टिंब द्या. आता ही चारही टिंबं खालच्या डाव्या कोपऱ्याला जोडा. बास, चार रेघा, पाच भाग. डावीकडून फिरत आलात की निळा, पिवळा, लाल, पांढरा, हिरवा. निळ्याला डावी कड पूर्ण मिळते, हिरव्याला खालची कड पूर्ण मिळते आणि लालच्या वाट्याला वरचा उजवा कोपरा येतो.

रेघ बरोबर आलीये का हे तपासायची एक सोपी सोय या झेंड्यात आपोआप आहे. कोपऱ्यापासून वरच्या १६ च्या टिंबापर्यंतची रेघ, म्हणजे पिवळा आणि लाल यांच्यामधली, ती पट्टीने मोजा. बरोब्बर २० सेंटिमीटर आली पाहिजे. १२, १६, २० हा आपला शाळेतला ३-४-५ वाला पायथागोरसच आहे चारने गुणलेला. साडेएकोणीस किंवा साडेवीस आली तर चौकट तिरकी झालीये, रंगवायला घेऊ नका, आधी चौकटीचे कोपरे गुण्याने तपासा.

कोनमापक मात्र वापरू नका. नव्वद अंशांचे पाच भाग, प्रत्येकी १८ अंश, असं करायचा मोह सगळ्यांना होतो आणि तिथेच झेंडा बिघडतो. खरे कोन असे पडतात, खालून हिरवा साधारण साडेनऊ अंश, पांढरा ९, लाल साडेअठराच्या आसपास, पिवळा त्याहून अंशभर जास्त आणि निळा तर जवळपास ३४. कोन इतके वेगवेगळे आहेत तरी क्षेत्रफळ काढलं तर गंमत होते: निळा ४८ चौरस सेंटिमीटर, पिवळा ४८, पांढरा ४८, हिरवा ४८ आणि लाल ९६. पाया गुणिले उंची भागिले दोन, शाळेतलं साधं गणित आहे, मुलांना करायला लावा, निळा उभा आणि जाडा दिसतो हिरवा लांबुडका आणि बारीक दिसतो पण जागा दोघांना तेवढीच आहे हे त्यांना आधी पटतच नाही. लाल दुप्पट का तर त्याला वरच्या कडेचाही एक तिसरा भाग मिळतो आणि उजव्या कडेचाही.

हे रंग कोणाचे, हा यातला खरा विषय. सरकारी अर्थ सांगायचा तर निळा म्हणजे आकाश आणि समुद्र, पिवळा म्हणजे सूर्य, लाल म्हणजे लोक आणि एकजुटीने काम करायची त्यांची जिद्द, पांढरा म्हणजे सामाजिक न्याय आणि सलोखा, हिरवा म्हणजे जमीन आणि निसर्ग. प्रोजेक्टमधे हे लिहा, मार्क याचेच मिळतात. पण हे अर्थ नंतर लावलेले वाटतात कारण रंग आले ते राजकीय पक्षांकडून, आणि ती भानगड वीस वर्षं चाललेली आहे.

त्याच्याही आधीचा एक किस्सा सांगितल्याशिवाय राहवत नाही. ही बेटं फ्रेंचांनी १७५६ साली ताब्यात घेतली, चौदा वर्षांनी वस्ती सुरू झाली आणि तिथे येणाऱ्या पहिल्या लोकांत भारतातून आलेली माणसंही होती. पुढे फ्रान्स आणि इंग्लंडची युद्धं पेटली तेव्हा तिथला फ्रेंच प्रशासक होता क्विन्सी नावाचा. १७९४ मधे इंग्रजांची जहाजं समोर येऊन उभी राहिली, याच्याकडे लढायला ना पुरेशी माणसं ना पुरेशा तोफा, याने सरळ शरणागतीच्या अटी घालून सही करून टाकली. इंग्रज गेले की परत फ्रेंच झेंडा वर. पुन्हा इंग्रज आले की पुन्हा शरणागती. असं एकदा नाही, बऱ्याचदा. वर सेशेल्सच्या व्यापारी जहाजांना एक वेगळा झेंडा मिळाला, निळ्या कापडावर पांढऱ्या अक्षरात सेशेल्स कॅपिट्युलेशन असं लिहिलेला, म्हणजे आम्ही शरण आलोय बरं का आम्हाला जाऊ द्या, आणि तो दाखवून ही जहाजं इंग्रजांच्या नाकेबंदीतून आरामात व्यापार करत फिरायची. शरणागतीचा झेंडा लावून धंदा करणारे लोक जगात दुसरे कुठे झाले असतील तर मला तरी माहीत नाहीत. १८१४ च्या तहात बेटं कायमची इंग्रजांकडे गेली आणि हा क्विन्सी तिथेच राहिला, इंग्रजांच्या राज्यात न्यायाधीश म्हणून.

इंग्रजांच्या काळातला झेंडा मात्र नेहमीचाच, निळं कापड, कोपऱ्यात युनियन जॅक आणि उजवीकडे बेटांचं चिन्ह. १९०३ पर्यंत सेशेल्स मॉरिशसच्या हाताखाली होतं, मग स्वतंत्र वसाहत झाली. चिन्हात महाकाय कासव आणि कोको द मेरचं झाड. हे कोको द मेर म्हणजे आपल्याकडे ज्याला दर्यायी नारळ म्हणतात ते, साधूंच्या हातात काळा गुळगुळीत कमंडलू दिसतो ना तो याच्याच करवंटीचा असतो. झाड मूळचं फक्त सेशेल्सच्या प्रालें आणि क्युरिअस या बेटांवर, पण नारळ समुद्रातून वाहत वाहत मालदीव आणि भारताच्या किनाऱ्याला लागायचे आणि झाड कोणी पाहिलेलंच नसल्यामुळे ते समुद्राच्या तळाशी उगवतं अशी समजूत होती. कासव आणि नारळ आजही त्यांच्या राजचिन्हात आहेत. झेंड्यावर नाहीत, त्यामुळे कोणी झेंड्याच्या मधोमध कासव काढायला सांगितलं तर ऐकू नका.

आता पक्ष. १९६४ साली दोन पक्ष निघाले आणि दोन्हींचे पुढारी लंडनला शिकलेले वकील. जेम्स मँचम यांची सेशेल्स डेमोक्रॅटिक पार्टी आणि फ्रान्स-अल्बेर रेने यांची सेशेल्स पीपल्स युनायटेड पार्टी. मँचम हौशी, बोलघेवडे, पर्यटनवाले. रेने समाजवादी. २९ जून १९७६ ला स्वातंत्र्य मिळालं तेव्हा दोघांनी आघाडी केली, मँचम राष्ट्राध्यक्ष आणि रेने पंतप्रधान, आणि झेंडाही आघाडीचाच झाला. पांढरी फुली, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, आणि फुलीने पडलेल्या चार त्रिकोणांत निळा आणि लाल रंग. निळा मँचम यांचा, लाल रेने यांचा, असं वाटून घेतलेलं.

तो झेंडा एक वर्षही टिकला नाही. जून १९७७ मधे मँचम राष्ट्रकुल परिषदेसाठी लंडनला गेले आणि ५ जूनला मागे रेने यांच्या माणसांनी सत्ता घेतली. झेंडा बदलला, निळा गेला. नवीन झेंड्यात वर लाल, मधे समुद्राच्या लाटेसारखी पांढरी पट्टी आणि खाली हिरवा, म्हणजे रेने यांच्या पक्षाच्याच झेंड्यावरून घेतलेला. १९७९ पासून देशात कायद्याने एकच पक्ष होता, त्यामुळे पक्षाचे रंग तेच देशाचे रंग.

याच काळात मुंबईचाही यात संबंध आला, विचित्र पद्धतीने. २५ नोव्हेंबर १९८१ ला माईक होर नावाच्या माणसाच्या नेतृत्वाखाली भाडोत्री सैनिकांची एक टोळी पर्यटकांच्या वेषात माहेच्या विमानतळावर उतरली, रेने यांना हटवून मँचमना परत आणायचा बेत होता. कस्टममधे एकाच्या बॅगेत बंदूक सापडली आणि तिथेच गोळीबार सुरू झाला. त्या गोंधळात एअर इंडियाचं बोइंग ७०७ तिथे उतरलं, झिंबाब्वेहून मुंबईला निघालेलं, आणि या टोळीने पळून जायला तेच विमान ताब्यात घेतलं आणि डर्बनला नेलं. प्रवासी वाचले, बंड फसलं, झेंडा तसाच राहिला.

१९९१ च्या शेवटी रेने यांनी परत अनेक पक्षांना परवानगी दिली, १९९२ मधे मँचम मायदेशी आले, १९९३ मधे नवीन राज्यघटना जनमताने मंजूर झाली आणि निवडणुकीत रेनेच निवडून आले. मग प्रश्न आला झेंड्याचा. आधीचा झेंडा तर एका पक्षाचा. तेव्हा जो तोडगा निघाला तो आत्ता तुमच्या कागदावर आहे: रेने यांच्या पक्षाचे लाल, पांढरा, हिरवा आणि मँचम यांच्या पक्षाचे निळा, पिवळा. सगळे एका कोपऱ्यातून निघणारे.

आता परत क्षेत्रफळाकडे या. लाल, पांढरा आणि हिरवा मिळून १९२ चौरस सेंटिमीटर, म्हणजे झेंड्याचा दोन तृतीयांश. निळा आणि पिवळा मिळून ९६, म्हणजे एक तृतीयांश. हे मोजूनमापून केलं असं मी म्हणत नाहीये, कडांचे तीन तीन भाग पाडले की कोपऱ्यात जो रंग येईल त्याला दुप्पट जागा जाणारच. पण कोपऱ्यात लालच आला, आणि झेंडा ठरला तेव्हा सत्तेत लालच होते, एवढं मी नोंदवून ठेवते. अर्थात सरकारी अर्थाप्रमाणे लाल म्हणजे जनता, तेव्हा जनतेला सगळ्यात मोठा हिस्सा असंही म्हणता येतं, ज्याला जे पटेल ते. पुढे २०२० मधे विरोधी पक्षाचे वेव्हल रामकलावन, ज्यांचं घराणं मूळचं बिहारचं, निवडून आले आणि रेने यांच्या पक्षाची सत्ता पहिल्यांदा मतपेटीतून गेली, तरी झेंड्याला कोणी हात लावला नाही.

एक सूचना इथेच देऊन टाकते. प्रोजेक्ट जुन्या घटनेवर असेल तर त्या वर्षीचा झेंडा काढा. सेशेल्स पहिल्यांदा ऑलिंपिकला उतरलं ते १९८० च्या मॉस्कोला, तेव्हा लाटेचा झेंडा होता. पाच पट्ट्यांचा झेंडा १९९६ च्या अटलांटापासून. जुन्या ॲटलासमधे अजूनही लाटेचाच सापडेल, तो चुकीचा छापलेला नाही, जुना आहे.

रंगवताना पिवळा आधी करा. निळा किंवा लाल आधी केला आणि स्केचपेनचं टोक घासलं गेलं की पिवळा मळतो आणि मग तो काही केल्या स्वच्छ होत नाही. पांढरा तर सोडूनच द्यायचाय, पण त्याच्या दोन्ही बाजूंना लाल आणि हिरवा आहेत, म्हणून त्या दोन रेघांवर आधी बारीक टोकाने कड काढून घ्या मग आत भरा. निळा गडद हवा, आकाशी नको. पिवळा जरा उबदार, लिंबू रंगाचा नको. कोपऱ्यात जिथे पाचही रंग एका टिंबात येतात तिथे रंगवायला जागाच नसते, शेवटचा अर्धा सेंटिमीटर ब्रशने करू नका, रंगीत पेन्सिलीला टोक करून करा.

रंगवण्यापेक्षा कागद कापून चिकटवला तर झेंडा जास्त सुबक होतो आणि याची एक युक्ती आहे. पाच वेगवेगळे तुकडे कापून शेजारी शेजारी बसवायला जाऊ नका, फटी दिसतात. त्याऐवजी अख्खा लाल कागद खाली घ्या, २४ बाय १२. त्याच्यावर थर चढवायचे. पिवळ्याचा १६ रुंद आणि १२ उंच आयत घ्या, खालच्या डाव्या कोपऱ्यातून वरच्या उजव्या कोपऱ्यात कर्ण मारून कापा आणि वरचा डावीकडचा तुकडा लालच्या डाव्या कडेला चिकटवा. पांढऱ्याचा २४ रुंद आणि ८ उंच आयत, कर्ण तसाच, यावेळी खालचा उजवीकडचा तुकडा झेंड्याच्या खालच्या कडेला. मग पिवळ्यावर निळा, त्याचा आयत ८ रुंद १२ उंच, वरचा डावा तुकडा. पांढऱ्यावर हिरवा, आयत २४ रुंद ४ उंच, खालचा उजवा तुकडा. म्हणजे लाल सोडून सगळे काटकोन त्रिकोण आणि सगळे कर्ण एकाच दिशेचे. प्रत्येक आयतातून उरलेला अर्धा तुकडा टाकू नका, तो उलटा फिरवला की दुसऱ्या झेंड्याला जसाच्या तसा लागतो, वर्गात दोन दोन मुलांची जोडी करून दिली तर कागद अजिबात वाया जात नाही.

घोटीव कागद वापरत असाल तर कर्णाची दिशा दोनदा बघा. त्याची मागची बाजू पांढरी असते, दिशा उलटी झाली की तुकडा पालथा घालून वापरता येत नाही. आणि घोटीव पांढरा कागद लालवर चिकटवला की पातळपणामुळे गुलाबीसर दिसतो, पांढऱ्याला जाड कार्डशीटच घ्या. पाणीदार डिंक नको, कागद फुगतो, ग्लू स्टिक बरी. चिकटवायला सुरुवात टोकाकडून करायची, हिरव्याचं टोक सुईसारखं असतं, ते कोपऱ्यावर नेमकं बसवून दाबलं की बाकीचा तुकडा आपोआप जागेवर जातो. रुंद बाजूकडून सुरुवात केली तर टोक कोपऱ्याच्या बाहेर तरी जातं नाहीतर आत तरी राहतं, आणि या झेंड्यात नजर पहिली कोपऱ्यावरच जाते.

कापडाचा करायचा असेल तर ९० बाय ४५ सेंटिमीटर घ्या, वरच्या कडेवर ३० आणि ६०, उजव्या कडेवर खालून १५ आणि ३०, तपासायची रेघ ७५. पद्धत तीच, लाल अखंड आणि बाकीचे वरून. अखंड लाल ठेवायचं कारण कापडात जास्तच महत्त्वाचं आहे: हे सगळे कर्ण उरेबात, म्हणजे धाग्याला तिरके, जातात आणि उरेब कापड शिवताना ताणतं, पाच उरेब तुकडे एकमेकांना जोडायला गेलात तर झेंड्याला झोळ पडणार म्हणजे पडणारच. खाली सरळ धाग्याचं लाल कापड असलं की ते सगळ्यांना धरून ठेवतं. तरी पिवळ्या आणि पांढऱ्या तुकड्याला मागून पेस्टिंग, म्हणजे इस्त्रीने चिकटणारं अस्तर, इस्त्री करून घ्या, ताण पण कमी होतो आणि लाल खालून दिसत नाही. तेवढ्याने भागलं नाही तर वरची शिलाई झाल्यावर मागच्या बाजूने पांढऱ्याच्या खालचं लाल कापड शिलाईपासून अर्धा सेंटिमीटर सोडून कापून टाका. हाताशी झिगझॅगचं मशीन नसेल तर तुकडे कच्चे टाके घालून बसवा आणि पिकोवाल्याकडे नेऊन कडा मारून आणा, साडीला पिको करतो तोच करून देतो, फक्त त्याला धाग्याचे चार रंग आधी सांगा नाहीतर सगळीकडे पांढरा धागा मारून देईल.

लाल कापड आधी मिठाच्या पाण्यात भिजवून, स्वच्छ पाणी येईपर्यंत धुवून वाळवून मगच कापायचं. हे टाळलंत तर पहिल्या पावसात पांढरा पट्टा गुलाबी होईल.

नेफ्याचं मात्र बहुतेक जण विसरतात. काठी घालायला झेंड्याचीच डावी कड दुमडून नेफा केला की तो कोपरा, जिथून सगळे पट्टे निघतात, तो नेफ्याच्या आत गडप होतो आणि पट्टे मधूनच कुठूनतरी सुरू झाल्यासारखे दिसतात. नेफ्यासाठी पांढऱ्या जाड कापडाची वेगळी पट्टी जोडा, आणि जोडशिलाई बरोबर कोपऱ्याच्या टिंबावरून जाऊ द्या. खालची कड दुमडताना पण तेच, एक सेंटिमीटर आधीच जास्त ठेवा म्हणजे हिरव्याचं टोक दुमडीत जाणार नाही.

कॉम्प्युटरवर करणाऱ्यांचं काम सगळ्यात कमी. इंकस्केप किंवा तसलं कुठलंही व्हेक्टरचं सॉफ्टवेअर घ्या, ६०० बाय ३०० चा कॅनव्हास, पूर्ण लाल भरा. शून्य वर डावीकडे धरून मग याच क्रमाने त्रिकोण टाका:

पिवळा: (०, ३००), (०, ०), (४००, ०)
पांढरा: (०, ३००), (६००, १००), (६००, ३००)
निळा: (०, ३००), (०, ०), (२००, ०)
हिरवा: (०, ३००), (६००, २००), (६००, ३००)

इथेही थरावर थर आहेत हे लक्षात आलं असेल. नुसते शेजारी शेजारी त्रिकोण टाकले तर निळा आणि पिवळा यांच्यामधे खालचा लाल केसाएवढा डोकावतो, स्क्रीनवर झूम केलं की अजून दिसतो, प्रिंटमधे तर नक्कीच. रंगांसाठी मी वापरते ते आकडे लाल-हिरवा-निळा या क्रमाने असे: निळ्या पट्ट्याला ०, ६१, १३६, पिवळ्याला २५२, २१६, ८६, लालला २१४, ४०, ४० आणि हिरव्याला ०, १२२, ६१. हे स्क्रीनसाठी ठीक आहेत, फ्लेक्सवाल्याकडे देताना आधी हातभर नमुना काढून बघा कारण त्याच्याकडे निळा हमखास जांभळ्याकडे झुकतो.

झेंडा लावताना काठी बघणाऱ्याच्या डाव्या हाताला आणि कोपरा खाली. मागच्या बाजूने बघितलं की पट्टे उजव्या खालच्या कोपऱ्यातून निघालेले दिसतात, ते बरोबरच आहे, कापड आरपार आहे. पण भिंतीवर पालथा लावला किंवा फोटो मिरर झाला तर तो चुकलेला झेंडा. उलटा लावला तर कोपरा वर जातो आणि हिरवा वर निळा खाली येतो, लांबून पटकन कळत नाही म्हणून लावायच्या आधी निळा काठीला चिकटलेला आहे ना आणि हिरवा जमिनीकडे आहे ना एवढं बघा.

भारतात कार्यक्रमाला बाकी देशांच्या झेंड्यांबरोबर रांगेत लावणार असाल तर आपल्या ध्वजसंहितेप्रमाणे तिरंगा रांगेच्या अगदी उजव्या टोकाला, म्हणजे प्रेक्षकांकडे तोंड करून उभं राहिलं की उजवीकडे, समोर बसलेल्यांना तो डावीकडे दिसेल, आणि मग बाकीचे देश इंग्रजी नावांच्या क्रमाने. आकार साधारण सारखे हवेत आणि इथे एक अडचण येते, तिरंगा तीनास दोन आणि सेशेल्सचा दोनास एक. उंची सारखी धरली तर १२ सेंटिमीटर उंचीला तिरंगा १८ लांब होतो आणि सेशेल्सचा २४, शेजारी ठेवले की पाहुण्यांचा झेंडा मोठा वाटतो. अशा वेळी काही जण सेशेल्सचा झेंडा दाबून १८ बाय १२ मधे बसवतात, तसं करायचं तर कडांचे तीन भाग पुन्हा पाडा, वरचे ६ आणि १२, उजवीकडचे ४ आणि ८ च राहतात. तपासायची २० ची रेघ मात्र तिथे चालणार नाही, ती १७ च्या जरा खाली येईल.